लाइन गेली

मागच्या दिवाळीत आमचे साडू पुण्याहून सहकुटुंब जालन्याला आले होते. फराळाची ताटं पुढ्यात, गप्पा ऐन रंगात, आणि नेमका त्याच वेळी पंखा थांबला, दिवे विझले. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "लाइन गेली वाटतं!" अंधारात साडूंच्या नातवानं विचारलं, "कुठली लाइन? आणि कुठे गेली?"

मुलगा सात वर्षांचा, इंग्रजी शाळेतला. त्याच्या लेखी लाइन म्हणजे वहीत पट्टीनं मारतात ती, नाहीतर प्रार्थनेला पोरांना उभं करतात ती. दोन्ही लाइनी जागच्या हलत नाहीत. मी त्याला समजावलं, "बाळ, पुण्यात लाइट जातात. आमच्याकडे लाइन जाते." यावर साडू म्हणाले, "आमच्याकडे हल्ली जात नाहीत." पुणेकर माणूस अंधारातही पुणेकरच राहतो.

मी इंग्रजीचा मास्तर. तेहेतीस वर्षं या जिल्ह्यातल्या पोरांना इंग्रजी शिकवून आता घरी बसलो आहे, म्हणजे एका चार अक्षरी शब्दावर आठवडाभर विचार करायला मोकळा आहे. आपल्याकडे रेघ आहे, ओळ आहे, रांग आहे, दोरी आहे. शेतात तिफणीनं पडतात ती तासं आहेत, खुरपायला बाई धरते ती पात आहे. आमचे आजोबा निजामाच्या राज्यातले, ते रांगेला 'कतार' म्हणायचे. एवढं सगळं घरात असताना या पाहुण्यानं ओसरीवर पाय ठेवला आणि बघता बघता सातबाराच आपल्या नावावर करून घेतला, हे झालं कसं?

कुळ शोधावं म्हणून कोश उघडला, तर मूळ निघालं जवसाच्या शेतात. लॅटिनमध्ये लिनुम म्हणजे जवस. जवसाच्या खोडाचा धागा निघतो, त्या धाग्याची दोरी ती लिनेआ, आणि तिचीच पुढे लाइन झाली. लिनन हे कापड त्याच घरातलं, आणि कोटाच्या आतलं लायनिंगही तिथलंच, कारण पूर्वी अस्तर लिननचं लावत. मी पुस्तक मिटून आत जाऊन फडताळातली बरणी पाहून आलो. मराठवाड्यात जवसाला तोटा नव्हता, पण त्याच्या खोडाची दोरी वळावी असं आमच्याकडे कोणाच्या मनात आलं नाही. ज्याची त्यांनी लाइन काढली त्याची आम्ही चटणी केली, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन मोकळे झालो. आता आमचा गवंडी भिंत धरताना 'लाइनदोरी' लावतो, म्हणजे दोरीला दोरी लावतो. पण भिंत सरळ येते, तेव्हा आपण व्याकरण काढू नये.

जालन्याच्या मातीवर ही लाइन कधी उमटली, याची माझ्यापुरती मी एक तारीख धरली आहे. २३ सप्टेंबर १८०३. असई हे गाव आज आपल्या जिल्ह्यात, भोकरदनच्या अंगाला आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंद्यांची कवायती पायदळं आणि तोफखाना उभा होता. त्यांना कवायत शिकवली फ्रेंचांच्या हाताखाली तयार झालेल्या अधिकाऱ्यांनी, आणि त्या दिवशी सरदारकी होती पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या जर्मनाकडे. समोर आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, पण तेव्हा चौतीस वर्षांचा. त्याच्याकडे कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास.

नदी ओलांडायची कशी हा प्रश्न. वाटाडे म्हणाले, पुढे उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं तर दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर. इंग्रजांच्या कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी आहेत. त्यानं हिशेब केला की इतकी जवळ वसलेली गावं एकमेकांकडे जात-येत असणारच, तेव्हा उतार असलाच पाहिजे. आणि उतार निघाला! साहेबाला कोणी सांगितलं नसावं, पण कारण सरळ आहे. समोरासमोरच्या दोन गावांत सोयरीक असणार, आणि सोयरीक म्हटली की रुसवेफुगवे आले, म्हणजे महिन्यातून दोनदा तरी नदी ओलांडणं आलं.

तर साहेब पलीकडे आला आणि त्यानं आपलं पायदळ दोन लाइनींत उभं केलं, मागे घोडदळाची तिसरी. तिकडे पोलमननंही आपली लांबलचक फळी काटकोनात फिरवून त्याच्यासमोर आणली. तोफांच्या भडिमारात असं वळणं हे गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम फिरवण्याइतकं सोपं नाही. आपली माणसं त्या दिवशी लाइनीत कमी पडली नाहीत, हे इंग्रजांनीही लिहून ठेवलं आहे. उलट चूक झाली ती इंग्रजांचीच. उजव्या टोकाच्या तुकडीला तिरपं सरकायला सांगितलं होतं, ती सरळ असई गावावर चालून गेली, आणि मागची ७४वी पलटण तिच्या पाठोपाठ. दोघींची तोफांपुढे दैना उडाली. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर गेले.

मला मात्र या लढाईतली एकच गोष्ट राहून राहून आठवते. इंग्रजांची लाइन तोफांवर चालून आली तेव्हा शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले. लाइन त्यांच्या अंगावरून पुढे गेली. मग हे उठले, तोफा फिरवल्या आणि पाठमोऱ्या लाइनीवर डागल्या. वेलस्लीला परत येऊन त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. लढाई त्यानं जिंकली, पण लाइन डोक्यावरून जाईपर्यंत पडून राहायचं आणि ती गेली की उठून कामाला लागायचं, ही विद्या आमच्या भागात तेव्हापासून आहे असं मला वाटतं. ती पुढे कामाला आली.

लढाई संपली तरी लाइन गेली नाही. १८२७ मध्ये जालन्याला छावणी पडली. हैदराबाद कंटिंजंट म्हणून जी फौज होती तिची. ही फौज मोठी मजेशीर. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा. खर्च थकत गेला आणि त्या पायी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाडच इंग्रजांच्या हाती द्यावं लागलं. घरात पाहुणा ठेवावा, त्याला जेवू घालावं आणि शेवटी शेत त्याच्याकडे गहाण टाकावं, असा हा प्रकार. अशा छावणीत शिपायांच्या राहण्याच्या कोठड्या एकीला एक लागून असत, त्यांना म्हणायचं लाइन. १९०३ मध्ये छावणी उठली. पण खोल्यांची रांग दिसली की तिला लाइन म्हणायची सवय सगळीकडेच राहिली. पोलीस लाइनीत राहणाऱ्या माणसाला विचारा, त्याच्या घरात एकही गोष्ट सरळ रेषेत सापडायची नाही.

पण आमच्या घरात हा शब्द छावणीतून आला नाही, तो रुळांवरून आला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी व्हॅलीची रेल्वे १९०० च्या सुमाराला सुरू झाली आणि जालन्याच्या नशिबाला चाकं लागली. कापूस, सरकी, धान्य सगळं हिच्यावरून जायचं. 'जालना सोने का पालना' म्हणतात त्या पाळण्याची एक दोरी म्हणजे ही लाइन. होती मात्र छोटी लाइन, मीटर गेज. मनमाडला मोठी लाइन भेटायची. तिथे माणसांनी उतरून गाडी बदलायची आणि मालानंही एका डब्यातून दुसऱ्या डब्यात उड्या मारायच्या.

आमचे अण्णा या लाइनीवर स्टेशनमास्तर होते. जालना आणि परतूरच्या दरम्यान एक लहानसं स्टेशन, दोन लिंबाची झाडं, एक पाण्याची टाकी, आम्ही चार भावंडं आणि दिवसातून मोजक्या गाड्या. लाइन एकेरी. म्हणजे समोरासमोरून दोन गाड्या आल्या तर काय होईल, हे सांगायला स्टेशनमास्तर नको. म्हणून अण्णांच्या खोलीत एक लाल यंत्र होतं आणि त्यात लोखंडाचे गोळे. पुढच्या स्टेशननं परवानगी दिली की खणखण घंटी वाजायची, यंत्रातून एक गोळा निघायचा. तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्यात अडकवून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. तो गोळा पुढच्या स्टेशनच्या यंत्रात जाऊन पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघायचा नाही. याला म्हणायचं लाइन क्लिअर.

अण्णांचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत मावलं होतं. आई मोरीतून बाहेर आली की "बाथरूम लाइन क्लिअर." थोरल्या ताईला पाहून गेलेल्या मंडळींचं पसंतीचं पत्र आलं, ते अण्णांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि आईला एवढंच म्हणाले, "लाइन क्लिअर आली." ताई दाराआड उभी होती. तिला हे इंग्रजी कळलं कसं कोणास ठाऊक, पण ती पळत परसात गेली.

मला मात्र अण्णांची लाइन क्लिअर मिळाली नाही. दहावी झाल्यावर जो तो विचारायचा, "मग, कोणती लाइन घेतली?" आमच्याकडे तेव्हा दोनच लाइनी, सायन्स आणि आर्ट्स. कॉमर्स होती, पण ती व्यापाऱ्यांच्या पोरांची, तिला वेटिंग रूम दुकानातच. अण्णांची इच्छा इंजिनिअरिंगच्या लाइनीची. मी सायन्स घेतलं आणि बारावीला फिजिक्सनं मला असईच्या ७४व्या पलटणीसारखं झोडपून काढलं. याला कारण थोडीशी आणखी एक लाइन. कॉलेजात आम्ही सायकलवरून जी लाइन मारायचो तिचा अर्थ कुठल्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही. इंग्रजांनी लाइन ओढली, आखली, ओलांडली, पण मारली नाही. ती मारावी हे आपलं स्वतःचं संशोधन, आणि समोरून ती दिली जावी ही आपली आशा. मला कोणी दिली नाही. निकालाच्या दिवशी अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घे आर्ट्स. सायडिंगलासुद्धा गाड्या उभ्या असतातच." त्या सायडिंगवर मी तेहेतीस वर्षं नोकरी केली.

त्याच्या आधीची एक लाइन आहे, तिच्याबद्दल विनोद करायला हात धजत नाही. १९७२ चा दुष्काळ. मी दहा वर्षांचा. अण्णांची नोकरी सरकारी, आमच्या घरी चूल पेटत होती. पण रेशनच्या दुकानापुढे लाइन असायची आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, जिची भाकरी आई थापायला बसली की तिच्या हातात तुटायची. रस्त्याच्या कामावर बाया ओळीनं बसून खडी फोडायच्या. सुकडी वाटायला लागले की पोरांची लाइन. एकदा त्या लाइनीत मी जाऊन उभा राहिलो, इतर पोरं उभी होती म्हणून. वाढणाऱ्या बाईनं मला ओळखलं. "मास्तरचा हायेस ना?" म्हणाली, आणि तरीही मूठभर सुकडी हातावर ठेवली. मागे वळून पाहिलं तर लाइन पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. ती सुकडी मी खाल्ली, हे अण्णांना कधी सांगितलं नाही.

त्या काळापर्यंत गावातल्या शेतीत मात्र लाइन नव्हती. तिथे तास आणि पात. तीही हळूहळू आली, आणि आली ती जालन्यातूनच. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्याची कंपनी काढली. ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला तोही त्याच वर्षी. पुढे १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आमचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, त्यांनी ज्वारीचा बीजोत्पादनाचा प्लॉट घेतला, तेव्हा शिवारात नवे शब्द आले. ए लाइन, बी लाइन, आर लाइन. ए लाइन म्हणजे मादी. तिच्या कणसात स्वतःचा कामाचा पराग नसतो. आर लाइन म्हणजे नर. याचा पराग तिच्यावर पडला की संकरित बी तयार. मग बी लाइन कशाला? तर ही दिसायला हुबेहूब ए लाइनसारखी, पण पराग असलेली. ए लाइनचा वंश चालू ठेवायचा तर हिचा पराग लागतो. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, अशी पेरणी.

आबांनी हे सगळं आमच्या काकूंना समजावून सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे थोरलीला लेकरू होईना, तर धाकली वंश चालवती, अन् जावई भाहेरून आणायचा. यात नवं काय?" वनस्पतिशास्त्राचा एवढा सुबोध धडा मला बारावीला मिळाला असता तर मी आज कुठल्या कुठे असतो.

१९८१ च्या १ मे ला जालना जिल्हा झाला. १९९० च्या दशकात छोटी लाइन उखडली आणि मोठी आली. अण्णा तेव्हा निवृत्त होते. मी त्यांना त्यांच्या जुन्या स्टेशनवर नेलं. पूर्वीचे रूळ बाजूला ढिगानं पडले होते. अण्णा नव्या रुळांच्या मध्ये उभे राहिले, दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरीच रुंद आहे." एवढंच. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली तेव्हा ते असायला हवे होते. मनमाडला उतरायचं नाही, हे त्यांना खरं वाटलं नसतं.

शेवटच्या आजारात ते बहुतेक वेळ डोळे मिटून पडलेले असत. एका रात्री दिवे गेले आणि आई सवयीनं म्हणाली, "लाइन गेली." खाटेवरून क्षीण आवाज आला, "अप की डाउन?"

आईनं तीस वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली होती. ती म्हणाली, "डाउन. वेळेवर गेली." अण्णांनी मान हलवली.

साडूंच्या नातवाला मी काय सांगणार होतो? 'लाइन गेली' हे चूक इंग्रजी आहे, हे मीच वर्षानुवर्षं सांगत आलो. एकदा नववीच्या वर्गात 'माझे वडील' हा निबंध इंग्रजीत लिहायला दिला होता. एका पोरानं लिहिलं होतं, 'माय फादर वेट्स फॉर द लाइन.' मी लाल शाईनं लाइन खोडली आणि वर इलेक्ट्रिसिटी लिहिलं. पोरगं वही घेऊन टेबलाशी आलं. "सर, मग लाइनमनला काय म्हणायचं?" वर्ग हसला. मीही हसून वेळ मारून नेली, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. २००५ मध्ये वीज मंडळाचं महावितरण झालं, लाइनमनला कागदावर जनमित्र हे गोड नाव मिळालं, तरी खांबावर चढलेला माणूस दिसला की अख्खा गाव खालून लाइनमनच म्हणून हाक मारतो.

आणि त्या पोराचं वाक्य मी खोडायला नको होतं, हे मला फार उशिरा कळलं. इंग्रजाची लाइन असते. ती आखलेली असते, उभी असते, टाकलेली असते. आमची लाइन येते आणि जाते. तिची वाट पाहावी लागते. शेतीपंपाला वीज पाळीपाळीनं मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाप बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जाऊन बसणार. पोरगं घरात अभ्यास करणार आणि मनात बापाच्या पायाखालच्या सापाचा विचार करणार. 'वेट्स फॉर द लाइन' याच्यात काय चूक होतं? इलेक्ट्रिसिटीची वाट शहरातला माणूस पाहतो, आणि तीसुद्धा फोनवर तक्रार नोंदवून.

आबा आता पंचाहत्तरीला आले. गुडघे धरतात. शेजाऱ्यानं सौर पंप बसवला आहे. त्याला आता लाइनची वाट पाहावी लागत नाही, ढग हटायची पाहावी लागते. आबांचा अजून विचार चालू आहे. पाहुणे गेल्यावर दिवाळीच्या रामरामासाठी मी त्यांना रात्री फोन लावला. साडेअकरा वाजले होते, पण या आठवड्यात त्यांची पाळी रात्रीची, म्हणजे जागे असणार हे ठाऊक होतं.

"कुठंय आबा?"

"हिरीवर. बसलोय."

"थंडी आहे का?"

"हाय जरा. गव्हाला बरी." मग थोडा वेळ नुसते रातकिडे ऐकू आले. मी असई, छावणी, जवस असं काहीबाही सांगायला सुरुवात केली. ते हं हं करत होते. शिंद्यांच्या गोलंदाजांवर आलो तेवढ्यात पलीकडे काहीतरी खट्ट वाजलं.

"आली बघ लाइन," आबा म्हणाले. "ठेव आता. बाकीचं सकाळी सांग."